सदर इसमांशी आमचा संबंध नाही

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या गर्दीत, एक चौकोन हमखास सापडतो. तमाम लोकांस कळविण्यात येते की आमचा मुलगा आमच्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. खाली वकिलाचं नाव आणि तालुका. माझे आजोबा अग्रलेखाच्या आधी हे पान वाचायचे. दोन वाक्यांचा मजकूर, पण त्यामागे घरात काय आदळआपट झाली असेल याचा अंदाज बांधत त्यांचा पहिला चहा संपायचा.

मी जिच्याबद्दल लिहितोय ती याच कुळातली. एवढंच की तिचा मजकूर कुठे छापून येत नाही आणि तो वाचायला कोणी आजोबाही नाहीत. तिचं नाव डिसअव्हाऊ फाईल. संकेतस्थळाचा मालक ती लिहितो, गूगलकडे सुपूर्द करतो आणि सांगतो: या यादीतल्या लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं असेल, पण मी त्यांना ओळखत नाही.

दिसायला अगदी गरीब. नोटपॅडमध्ये जन्मते. अंगावर ठळक अक्षर नाही, रंग नाही, तक्ता नाही. नावाच्या शेवटी टीएक्सटी हवं, एवढा एकच दागिना. एका ओळीत एकच नाव. एखादं पान नाकारायचं तर त्याचा पूर्ण पत्ता, अख्खी साईट नाकारायची तर आधी ‘डोमेन’ हा शब्द, मग दोन टिंबं, मग साईटचं नाव. यापलीकडे तिला भाषा येत नाही. कारण सांगता येत नाही, विनंती करता येत नाही, चिडताही येत नाही. पोटात जास्तीत जास्त एक लाख ओळी आणि दोन एमबी मावतात. फोनवर काढलेला साध्या पोह्यांच्या बशीचा फोटो याहून जड भरतो.

ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकली की पुढचं काहीही गूगल वाचत नाही. ती जागा लिहिणाऱ्याची स्वतःची. लोक तिथे तारखा टाकतात, कोणाला किती वेळा पत्र पाठवलं ते नोंदवतात, क्वचित कोणी मनातलंही लिहितो. शाळेच्या वहीत समासात जे चालायचं ते इथे हॅशच्या मागे चालतं.

तिचा एक स्वभावदोष मात्र सांगायलाच हवा. तिला मागचं आठवत नाही. नवी फाईल चढवली की जुनी पूर्ण पुसली जाते. चारशे नावं आधीच दिलेली आहेत, आज तीन नवी सापडली, म्हणून कोणी भोळेपणानं तीनच नावांची फाईल चढवली, तर ते चारशे जण त्या क्षणी सुटतात. कोणी विचारत नाही की आधीच्यांचं काय करायचं. सरकारनं स्वातंत्र्यदिनाला कैदी सोडावेत तसे सगळे बाहेर.

ती का जन्मली ते सांगायचं तर चिठ्ठीपासून सुरुवात करावी लागेल. चिठ्ठी म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजात प्रवेश हवा, मुलाला कुठेतरी चिकटवायचंय, इस्पितळात खाट हवी, की कोणाची तरी चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीचं वजन देणाऱ्याच्या वजनावर ठरतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास जो शोधयंत्राचा खटाटोप मांडला त्याचं नाव होतं बॅकरब, आणि त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. एका पानानं दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याची शिफारस केली. शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत किती, हे त्याला आलेल्या शिफारशींवरून ठरवायचं. १९९८ मध्ये त्यातून गूगल उभं राहिलं आणि जगातल्या पानांची रांग चिठ्ठ्यांवर लागू लागली.

मग चिठ्ठ्यांचा बाजार भरला. त्याचं नवल वाटायचं कारण नाही. दुवे विकणारे, दुव्यांची शेती करणारे, एकमेकांना दुवे देणाऱ्या शेकडो पोकळ साईटी उभारणारे. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं दाखवून दिलं की अमेरिकेतलं जेसी पेनी हे मोठं दुकान कपड्यांपासून चादरींपर्यंत कितीतरी शोधांत वरच्या जागी बसलं होतं, कारण कुठल्याकुठल्या असंबद्ध साईटींवरून त्याच्याकडे दुवे सोडलेले होते. गूगलनं त्याला खाली ढकललं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१२ ला, गूगलनं ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला. इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं त्यांनीच सांगितलं होतं. विकतच्या चिठ्ठ्या ज्यांच्या खिशात सापडल्या ते रांगेतून बाहेर.

आणि इथेच वाकड्या डोक्याच्या माणसाला एक गोष्ट सुचली. खोट्या चिठ्ठीची शिक्षा चिठ्ठी मिळणाऱ्याला होत असेल, तर ती शेजाऱ्याच्या नावानं आपणच का आणू नये? आपली साईट वर नेण्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा समोरच्याच्या साईटीवर जुगाराच्या आणि बेकायदा गोळ्यांच्या हजार-दोन हजार साईटींचे दुवे सोडून द्यावेत. बदनाम माणसानं भर चौकात गळ्यात हात टाकून “काय मित्रा!” म्हणावं, इतकं सोपं.

दुसऱ्यानं दिलेल्या दुव्यांनी तुमचं काही बिघडू शकतं याचा पुरावा त्याआधीच सगळ्यांनी पाहिला होता. २००३ च्या सुमारास बऱ्याच जणांनी ठरवून ‘मिझरेबल फेल्युअर’, म्हणजे सपशेल अपयशी, या शब्दांवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाचा दुवा दिला. त्या पानावर हे शब्द कुठेही नव्हते. तरी ते शोधले की पहिले बुश यायचे. गूगलनं त्यावर इलाज काढायला २००७ चा जानेवारी उजाडला. आणखी एक गंमत. प्रतिस्पर्धी तुमची जागा बिघडवू शकतो का, या प्रश्नाला गूगलच्या मदतपानावर बरीच वर्षं उत्तर होतं की तो जवळजवळ काहीच करू शकत नाही. सगळा जीव त्या ‘जवळजवळ’मध्ये. २०१२ मध्ये ते वाक्य बदललं आणि असं होऊ नये म्हणून आम्ही कसून प्रयत्न करतो, असं आलं. सरकारी निवेदनं वाचायची सवय असलेल्या माणसाला या दोन वाक्यांमधलं अंतर लगेच कळतं.

पेंग्विननंतरचे काही महिने फार वाईट होते. ज्यांच्या साईटीवरून नको असलेला दुवा आलाय त्यांना शोधायचं आणि पत्र लिहायचं की कृपया आमचं नाव काढा. बहुतेक ठिकाणी पत्र वाचायला कोणी नसायचं. काही महाभागांनी दुवा काढण्याचेही पैसे मागायला सुरुवात केली. लावतानाही दाम, काढतानाही दाम. या रडारडीत १६ ऑक्टोबर २०१२ ला गूगलच्या मॅट कट्स यांनी आमच्या पात्राची ओळख करून दिली, तीही लास व्हेगासच्या एका परिषदेत. पुढे आयुष्यभर जिच्या पोटात निम्मी नावं जुगारअड्ड्यांची असणार होती, तिचं बारसं त्या गावात व्हावं! बिंग या दुसऱ्या शोधयंत्रानं तशीच सोय त्याच वर्षी जूनमध्ये केली होती, म्हणजे हिला चार महिन्यांनी मोठी बहीण होती.

माझी आणि हिची गाठ पडली ती आंब्यामुळे. माझ्या मावसभावाची देवगडजवळ हापूसची बाग आहे आणि त्याची साईट मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे फेब्रुवारीत दर बदलतो, मोहोराचे नवे फोटो टाकतो आणि जूनमध्ये ‘हंगाम संपला’ अशी पाटी लावतो. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याचा फोन आला.

“दादा, आपली साईट खंय गेली रे? देवगड हापूस पेटी टाकलंय, तर आपलो पत्तोच नाय.”

गूगल साईटच्या मालकाला तिची सगळी खबर जिथे दाखवतं त्या सर्च कन्सोलमध्ये मी शिरलो आणि सरळ दुव्यांच्या यादीकडे गेलो. पाहतो तर काय, कॅसिनो, गोळ्या, नकली घड्याळं, आणि ज्यांच्या नावात एकही स्वर नाही अशा साईटी. आमच्या बागेकडे बोट दाखवायला जगातले सगळे टगे जमले होते. ज्या शब्दांवर दुवे होते ते घरातल्या मोठ्यांसमोर उच्चारता येणार नाहीत. यादी मावसभावाला वाचून दाखवली. (वगळून वाचली.) त्यानं क्षणाचाही विचार न करता एका प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं. हा गृहस्थ कुठलाही आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतो असा त्याचा जुना राग आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावानं गावात पेढे वाटले होते, ते निम्मे या माणसाच्या नाकावर टिच्चून. “ह्या त्याचाच काम,” तो म्हणाला. मलाही ते पटलं. शत्रू सापडला की माणसाला विचार करावा लागत नाही.

त्या रात्री मी ही फाईल लिहिली. चारशे बारा नावं. मध्यरात्रीनंतर हॅशच्या मागचा मजकूर बदलत गेलेला आजही दिसतो. सुरुवातीला ‘संशयास्पद, तारीख अमुक’. मग ‘हाही त्याच टोळीतला’. मग नुसतंच ‘उडवा’. पहाटे तीनला फाईल चढवली. पलीकडून एवढंच कळलं की इतकी डोमेन, इतके पत्ते, अमुक तारीख. तक्रार नोंदवून घेतली, पण पावतीवर ठाणे अंमलदाराची सही नाही, अशी भावना झाली.

मग वाट पाहणं. ही फाईल काम करते ती आठवड्यांच्या हिशेबानं. गूगल ती ती पानं पुन्हा वाचेल तेव्हा तुमचं म्हणणं लक्षात घेईल. केलं की नाही, कशावर परिणाम झाला, हे कधीच सांगणार नाही. तीन आठवडे गेले. भावानं पेट्या नाइलाजानं वाशीच्या दलालाकडे पाठवायला सुरुवात केली. तोंडावर काही म्हणाला नाही, फक्त फोन कमी झाले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुसरंच काही शोधताना, माझी नजर एका चौकटीवर पडली. जानेवारीत मी साईटला नवा पोशाख चढवला होता. काम चालू असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून सेटिंगमध्ये एक खूण केली होती, की शोधयंत्रांनी ही साईट यादीत घेऊ नये. काम संपलं, खूण राहिली. गूगलनं आमच्याच सांगण्यावरून आम्हाला काढलं होतं. पानांच्या अहवालात ते स्वच्छ लिहिलेलंही होतं, पण मी तो उघडलाच नव्हता, कारण मी तपास दुव्यांच्या यादीपासून सुरू केला होता. स्वतःच्या दुकानाला आतून कडी घालून गिऱ्हाईक कोणी पळवलं म्हणून आम्ही शेजाऱ्याला शिव्या घालत होतो.

भावाला हे सांगणं त्या चारशे बारा नावांपेक्षा अवघड गेलं.

या सगळ्यात फाईलचा दोष शून्य. तिला जे दिलं ते तिनं निमूट पोटात घेतलं. आणि ते दुवे त्या प्रतिस्पर्ध्यानंच सोडले होते का? आता मला तसं वाटत नाही. असला कचरा वाऱ्यावर उडत येतो आणि कुठल्याही साईटीच्या कुंपणाला चिकटतो. आपल्याला तो दिसतो त्या दिवशी आपल्याला कोणाचा तरी राग आलेला असतो, इतकंच. शिवाय २०१६ च्या सप्टेंबरात पेंग्विनचा स्वभाव पालटला. तोवर एकदा शिक्षा झाली की पुढच्या फेरतपासणीपर्यंत थांबावं लागे. आधीची फेरी ऑक्टोबर २०१४ ची होती, म्हणजे काही धंदे जवळजवळ दोन वर्षं लटकलेले राहिले. २०१६ पासून तो सततचा झाला आणि वाईट दुव्यासाठी अख्ख्या साईटीला झोडपण्याऐवजी तो दुवाच मोजायचा नाही असं ठरलं. गूगलमधले जॉन म्यूलर वर्षानुवर्षं सांगत आलेत की बहुतेक साईटींना या फाईलची गरज नाही. गूगलच्या माणसानं तपासून ‘अनैसर्गिक दुवे’ म्हणून तुम्हाला नोटीस दिली असेल, किंवा पूर्वी तुम्हीच दुवे विकत घेतले असतील आणि आता अंगाशी येतंय असं दिसत असेल, तर हिला बोलवा. कधीतरी ही सोयच बंद होईल असंही ते बोलून गेलेत. बिंगनं तर आपली सोय २०२३ मध्ये बंद करून टाकली. मोठी बहीण गेली, धाकटी अजून कामावर आहे. कन्सोलच्या मुख्य यादीत मात्र तिचं नाव नाही, पत्ता माहीत असेल तरच तिच्या दारापर्यंत पोचता येतं.

प्रतिस्पर्धी खरोखर त्रास द्यायला निघाला तर कसा देतो, हे मी त्यानंतर शिकलो, आणि त्यातल्या एकाही गोष्टीचं औषध हिच्याकडे नाही. तो तुमचा मजकूर जसाच्या तसा उचलून दहा ठिकाणी चिकटवतो. तुमच्याच नावानं खोटा ईमेल काढून, ज्यांनी तुम्हाला चांगला दुवा दिलाय त्यांना तो काढायला सांगतो. हा प्रकार मला सगळ्यात हलकट वाटतो, कारण त्यात तुमची चांगली माणसंच तुटतात. तो एक तारा आणि दोन शिव्या असलेली परीक्षणं लिहून घेतो. साईटचं सॉफ्टवेअर जुनं ठेवलं असेल तर आत शिरून तुम्हाला दिसणार नाहीत अशी पानं पेरतो. नाहीतर तुमचा मजकूर आपलाच आहे अशी कॉपीराइटची खोटी तक्रार करून तुमचं पान शोधातून काढायला लावतो. हे शेवटचं इतकं वाढलं की २०२३ च्या नोव्हेंबरात गूगल स्वतः कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं. अशा खोट्या तक्रारींनी एक लाखाहून अधिक पानांच्या पत्त्यांना लक्ष्य केल्याचा आरोप त्या दाव्यात होता. अशा तक्रारींच्या प्रती हार्वर्डमध्ये सुरू झालेल्या ‘लुमेन’ नावाच्या संग्रहात ठेवल्या जातात आणि तिथे आपलं नाव शोधता येतं. मी वर्षातून एकदा शोधतो. अजून नाही.

आता सोमवारचा माझा रतीब ठरलेला आहे. आधी ‘मॅन्युअल ॲक्शन’चं, म्हणजे गूगलच्या माणसानं दिलेल्या नोटिशींचं पान, ते रिकामं असलं की बरं वाटतं. मग सुरक्षेचं पान. मग पानांचा अहवाल, जो तेव्हा उघडला नव्हता. मग कन्सोलच्या मालकांच्या यादीत कोणी अनोळखी शिरलाय का ते. आमच्या पानावरचं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधतो, कोणी उचललंय का ते कळतं. पासवर्डच्या जोडीला फोनवर कोड येतो. साईटची प्रत दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी जाते. दुव्यांच्या यादीकडे मी सगळ्यात शेवटी जातो, आणि कॅसिनो दिसले की आता नुसता बघून पुढे जातो, बसस्टँडवरच्या भिंतीवरच्या जाहिरातींकडे बघावं तसा.

पण ती फाईल मी काढून टाकली नाही. काढायची सोय आहे. एक बटण दाबलं की ती जाते आणि चारशे बारा जण सुटतात. हात होत नाही. देव न मानणाऱ्या माणसानंही दारावरची लिंबू-मिरची स्वतः तोडून टाकू नये, मोलकरणीनं झाडताना पडली तर पडू द्यावी, तसं काहीसं.

गेल्या दिवाळीत मात्र ती उतरवून घेतली आणि ओळ न् ओळ वाचली. जुनी डायरी वाचताना होते तशी लाज वाटत होती. मधेच एक नाव अडलं. त्यात स्वर होते. साईट उघडली. परदेशातल्या एका मराठी मंडळाचं पान, कोणीतरी हौसेनं स्वतः बांधलेलं, पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, वर गणपती, आणि दिसायला असं की रात्री अडीच वाजता कोणालाही ते बनावटच वाटावं. खाली एक यादी होती: सुट्टीत गावी गेलात तर आंबे कुठून घ्यावेत. चारच नावं. त्यात तिसरं माझ्या मावशीच्या यजमानांचं, गावाच्या नावासकट, आणि त्यावर आमच्या साईटचा दुवा. फाईलमध्ये त्या ओळीच्या वर मी लिहिलं होतं: हॅश, ओळखीचं नाही, उडवा.

भावाला फोन लावला आणि मंडळाचं नाव सांगितलं.

“अरे, तो आमच्या बाबांचो जुनो गिऱ्हाईक,” तो म्हणाला. “दर मे महिन्यात येय. बाबा गेले तेव्हा थंयसून फोन इल्लो त्याचो.”

ती ओळ खोडली. वरचा हॅशही खोडला. फाईल पुन्हा चढवली. पलीकडून कळलं: डोमेन चारशे अकरा, आणि तारीख.